जठर कापावे की अन्नाची वाट वळवावी?

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियांची तुलना बहुधा उतरणाऱ्या किलोंवरून केली जाते. परंतु रुग्णाचा रोजचा आहार कोणता, त्याला मधुमेह किंवा छातीत जळजळीचा त्रास आहे काय आणि तो कोणते काम करतो, हे प्रश्न पद्धतीच्या निवडीत किलोंइतकेच निर्णायक असतात. सुरतच्या दक्षिणेस सचिनच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे उधना-जळगाव लोहमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबे डाइंग-प्रिंटिंग मिलच्या आधाराने स्थिरावली आहेत, तिथे तर हे प्रश्न आधी विचारले गेले पाहिजेत.

भारतीय शरीराचे वजन फसवे असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक-संशोधक जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक, 22.3 इतकाच होता. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के भरली. मधुमेह भारतीयांना कमी वजनातच का गाठतो, याचे एक कारण या अंकांत दिसते.

आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कायमचा काढून टाकून केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवली जाते. त्यामुळे थोड्या अन्नाने पोट भरते, शिवाय भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होते तो भागच निघून गेल्याने भूकही मंदावते. मुळात अतिस्थूल रुग्णांवरील अधिक अवघड शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून ती केली जात असे आणि पुढे स्वतंत्र पद्धत म्हणून रुळली. आतड्याला हात लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण नळीतील दाब वाढल्याने आम्ल अन्ननलिकेत उलट चढण्याची शक्यता वाढते. स्वित्झर्लंडमधील पाच वर्षांच्या तुलनात्मक चाचणीत, आधीपासून हा त्रास असलेल्या रुग्णांपैकी स्लीव्हनंतर 31.8 टक्के, तर अन्नाची वाट वळवणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेनंतर 6.3 टक्के जणांचा त्रास बळावला. पित्ताच्या गोळ्यांवर वर्षे काढणाऱ्या रुग्णाला हा आकडा शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितला गेला पाहिजे.

रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जाते आणि साखर आटोक्यात ठेवणारी आतड्यातील संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीत पाच वर्षांनंतर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, म्हणजे एचबीए1सी, 6 टक्के किंवा त्याखाली राखणारे रुग्ण बायपासनंतर 29 टक्के, स्लीव्हनंतर 23 टक्के आणि केवळ औषधांवर 5 टक्के होते. म्हणजे खरी दरी दोन शस्त्रक्रियांमधली नसून शस्त्रक्रिया आणि निव्वळ औषधे यांच्यातली आहे. दोनऐवजी एकच जोड असलेला ‘मिनी बायपास’ कमी वेळात होतो आणि वजनही चांगले उतरवतो, परंतु त्यात आतड्याचा लांब भाग वगळला गेल्यास पोषणाच्या तक्रारी वाढतात, असे फ्रान्समधील चाचणीत आढळले आहे.

पोषणाचा हा मुद्दा शाकाहारी घरांत अधिक गंभीर होतो. ब-12 जीवनसत्त्व प्राणिजन्य अन्नातूनच मिळते आणि ते शोषले जाण्यासाठी जठरातील आम्ल व तिथेच स्रवणारे एक प्रथिन लागते. त्यामुळे बायपासमध्ये, आणि काही अंशी स्लीव्हमध्येही, त्याचे शोषण घटते. याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांत केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेविनाच 67 टक्के जणांत ब-12 कमी आढळले होते. अशा शरीरावर बायपास करताना आधी रक्ततपासणी, नंतर आजन्म ब-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, तसेच डाळ, दूध, पनीर यांतून पुरेशी प्रथिने, हे सारे शस्त्रक्रियेचाच भाग मानावे लागते. विडी-सिगारेट सुटत नसेल किंवा अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय असेल, तर बायपासच्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो. डाइंग मिलच्या उष्णतेत काम करणाऱ्याला एका दमात तांब्याभर पाणी पिता येणार नाही, घोटघोट पाणी पाळीभर घेत राहावे लागेल, हेही आधी ठरवावे लागते.

पात्रतेच्या निकषांत मात्र मोठी तफावत आहे. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आशियाई रुग्णांसाठी बीएमआयची मर्यादा 27.5 इतकी खाली आणली, तर भारतातील विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार विम्याची भरपाई बीएमआय किमान 40 असल्यास, अथवा अनियंत्रित मधुमेह किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणे) यासारखी गंभीर सहव्याधी असताना किमान 35 असल्यासच मिळते. त्यामुळे 31 बीएमआय असलेल्या मधुमेही कामगाराला, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया योग्य ठरवली तरी, तिचा खर्च बहुधा स्वतःच उभा करावा लागतो.