बाटलीवरचा त्रिकोण आणि पुडीवरचे चित्र

कीटकनाशकाची बाटली घेताना आपण तिच्यावरचा त्रिकोण पाहतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. औषध दुसऱ्या बाटलीत ओतू नका, असे आम्ही सभांतून नेहमी सांगतो. बाटली बदलली की खूण जाते आणि घात होतो.

पैठण तालुक्यात अशीच एक सभा संपली आणि एका आजोबांनी कमरेची चंची काढली. मी विचारले, "आजोबा, पुडीवर कसलं चित्र होतं?" ते म्हणाले, "पुडी व्हय साहेब? ती बाजारातच फेकली."

तंबाखूतील निकोटिन हेही विषच. पूर्वी माव्यावर तंबाखूचा काढा फवारीत, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. म्हणूनच २००९ पासून आपल्या देशात पुड्यांवर इशाऱ्याचे चित्र आले. १ एप्रिल २०१६ पासून ते इशाऱ्यासह वेष्टनाचा ८५ टक्के दर्शनी भाग व्यापते. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ते कळते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून रंगीत पाकिटेच बंद केली. तेथे सर्व कंपन्यांची पाकिटे एकाच मळकट रंगाची असतात. आपल्याकडे असा कायदा अजून नाही.

परंतु कायदा पुडीपुरता. पुडी चंचीत रिकामी झाली की चित्र उकिरड्यावर जाते आणि विष कमरेला राहते. सुटी विडी घेणाऱ्यालाही इशारा दिसत नाही. म्हणून महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला तर वेष्टनच नसते. गरोदर बाईने मिश्री लावली तर मूल कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हेत, खाणारे व लावणारे आहेत.

तेव्हा एवढे करावे. तंबाखू सुटत नसेल तोवर निदान पुडीतच ठेवावी, म्हणजे चित्र रोज डोळ्यांपुढे राहील. ती आणायला मुलांना दुकानात धाडू नये. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही किंवा तोंड कमी उघडू लागले, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

पिकावरच्या विषाची आपण एवढी काळजी घेतो, तेवढीच तोंडात जाणाऱ्या विषाचीही घेऊ या.