सायबर इशारे, लोकभय आणि यंत्रणांचा निधी : महाराष्ट्रातील अनुभव

प्रस्तावना :
माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसाराबरोबर शासनाकडून दिल्या जाणाऱ्या सायबर इशाऱ्यांचे प्रमाणही वाढले आहे. इशारा देणे हे शासनाचे कर्तव्यच होय. परंतु जी यंत्रणा धोक्याचे मोजमाप करते, तीच त्याच्या निवारणासाठी निधीही मागते. अशा वेळी इशाऱ्याची सत्यता कोणी तपासावी, हा प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील दोन घटनांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

मुंबईतील वीजखंड :
12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरातील वीजपुरवठा खंडित होऊन लोकलगाड्या थांबल्या. 28 फेब्रुवारी 2021 रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकन कंपनीचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतीय वीजक्षेत्रात चीनशी संबंधित गटाने शिरकाव केल्याचे त्यात म्हटले होते. मात्र मुंबईच्या घटनेशी असलेला संबंध सिद्ध झालेला नाही, असेही नमूद होते. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता व्यक्त केली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र हा प्रकार मानवी चुकीमुळे घडल्याचे सांगितले. एकाच घटनेची दोन शासकीय स्पष्टीकरणे जनतेपुढे आली आणि भीती तेवढी शिल्लक राहिली.

आकड्यांचा अर्थ :
एप्रिल 2025 मधील पहलगाम हल्ल्यानंतर महाराष्ट्र सायबर विभागाने 'रोड ऑफ सिंदूर' हा अहवाल मांडला. त्यानुसार भारतातील संकेतस्थळांवर सुमारे 15 लाख सायबर हल्ले झाले. त्यांपैकी 150 यशस्वी ठरले. म्हणजे दर दहा हजारांत एक. वृत्तांच्या मथळ्यांत मात्र पहिलाच आकडा ठळक होता. संगणकामार्फत आपोआप होणारे प्रयत्न क्षणात हजारोंच्या संख्येने करता येतात. म्हणून प्रयत्नांची संख्या व प्रत्यक्ष हानी यांत भेद करणे आवश्यक ठरते.

निधी आणि उत्तरदायित्व :
धोका काल्पनिक आहे, असा याचा अर्थ नव्हे. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 मध्ये सायबर फसवणुकीत नागरिकांचे सुमारे 22,845 कोटी रुपये गेले. राज्य शासनाने 2023 मध्ये सुमारे 837 कोटी रुपयांच्या सायबर सुरक्षा प्रकल्पास मान्यता दिली. हा निधी केवळ भीतीपोटी मिळाला, असे म्हणता येणार नाही. परंतु त्याचे फलित तपासण्याची साधने नागरिकांजवळ असावयास हवीत. याउलट, इशारे देणारी 'सर्ट-इन' ही केंद्रीय संस्था नोव्हेंबर 2023 मध्ये माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून बव्हंशी वगळण्यात आली.

समारोप :
सततच्या इशाऱ्यांनी मन बधिर होते आणि खरा इशाराही दुर्लक्षिला जातो. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी बँक खातेदाराला पंधरा लाखांच्या आकड्यापेक्षा फसवणूक होताच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी, ही माहिती अधिक उपयोगी आहे. प्रयत्न किती, हानी किती आणि पडताळणी कोणी केली, हे तीन प्रश्न प्रत्येक इशाऱ्यास विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे महाविद्यालयीन अध्यापकांचे कार्य ठरते.