विवाहसोहळ्याचे चित्रीकरण : साक्ष आणि जतन

मे महिना उजाडला की सिंधुदुर्गातील वाड्यावाड्यांतून मांडव उभे राहू लागतात. मुंबईचे चाकरमानी रजा काढून गावी येतात आणि जूनमध्ये पाऊस सुरू होण्यापूर्वी घरची कार्ये उरकण्याची घाई होते. या लगीनसराईत भटजी, वाजंत्री आणि आचारी यांच्याइतकाच अगत्याचा असा आणखी एक माणूस मांडवात वावरताना दिसतो. तो म्हणजे कॅमेरा घेऊन आलेला चित्रीकरणकार. मालवण, वेंगुर्ले, देवगड या किनारपट्टीच्या तालुक्यांत आज क्वचितच एखादे लग्न चित्रीकरणावाचून पार पडते. हे चित्रीकरण पुष्कळदा केवळ हौसेचा भाग मानले जाते. वस्तुतः ती एका कुटुंबाची, एका बोलीची आणि एका परंपरेची नोंद असते. ती नोंद कशी घ्यावी आणि कशी टिकवावी, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

चलच्चित्राची परंपरा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर तीनच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांनी मुंबईत झालेल्या कुस्तीचे चित्रीकरण केले. प्रत्यक्ष घडणारी घटना जशीच्या तशी टिपण्याचा हा महाराष्ट्रातील पहिल्या प्रयत्नांपैकी एक होय. तथापि, फिल्मचा खर्च मोठा असल्याने पुढील कित्येक दशके सामान्य कुटुंबाच्या वाट्याला फार तर स्टुडिओत काढलेले एक छायाचित्र येत असे.

व्हीएचएस ही चित्रफीत १९७६ मध्ये जपानमध्ये बाजारात आली. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि त्याच वर्षी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्या सुमारास व्हिडिओ आपल्या देशात पसरू लागला आणि यथावकाश लग्नाच्या मांडवापर्यंत येऊन पोहोचला. पुढे तबकड्या आल्या आणि आता तर प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनी हाच कॅमेरा झाला आहे. साधन सुलभ झाले, परंतु काय टिपावे याची जाण त्याच वेगाने वाढली असे म्हणता येत नाही.

प्रत्येक परंपरेचा निर्णायक क्षण

सिंधुदुर्ग जिल्ह्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती व बौद्ध समाज शेजारशेजारच्या वाड्यांत राहतात. एकच चित्रीकरणकार आज एका पद्धतीच्या लग्नाला, तर उद्या दुसऱ्या पद्धतीच्या लग्नाला जातो. विवाह नेमका कोणत्या क्षणी संपन्न होतो, हे प्रत्येक परंपरेत वेगळे असते. विशेष म्हणजे तो क्षण बहुधा गाजावाजाचा नसतो.

हिंदू विवाहात अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजू लागते आणि मांडवातील सारे कॅमेरे त्या क्षणी सरसावतात. त्यानंतर वऱ्हाडी मंडळी पंगतीकडे वळतात आणि चित्रीकरणकारही जेवायला जातो. लाजाहोम आणि सप्तपदी हे विधी मोजक्या माणसांच्या उपस्थितीत, धुराने डोळे चुरचुरत असताना होतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानुसार, ज्यांच्या रूढीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवे पाऊल टाकताच पूर्ण व बंधनकारक होतो. म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा क्षण पुष्कळ चित्रफितींत नसतोच.

बौद्ध विवाहात सप्तपदी किंवा होम नसतो. शुभ्र वस्त्रे परिधान केलेले वधूवर भगवान बुद्ध व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांपुढे वंदन करतात, त्रिशरण व पंचशील ग्रहण करतात आणि परस्परांना प्रतिज्ञा देतात. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि उभयतांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे झालेला विधी त्यात ग्राह्य धरला जातो. येथे साक्ष असते ती उच्चारलेल्या शब्दांची. त्या वेळी चित्रफितीवर मागाहून एखादे चित्रपटगीत चढविले, तर मूळ प्रतिज्ञाच पुसली जाते.

मुस्लिम विवाहात प्रस्ताव आणि स्वीकृती, मेहर आणि साक्षीदार यांना महत्त्व आहे. वधूची संमती पुष्कळदा घरातील स्त्रियांच्या दालनात, वकील व साक्षीदार यांच्यासमक्ष घेतली जाते. कॅमेरा मात्र बाहेर वराजवळ असतो. परिणामी, चित्रफितीत वराचा होकार ऐकू येतो आणि वधूचा होकार राहून जातो.

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी परिसरातील कॅथलिक कुटुंबांत लग्नाच्या आदल्या दिवशी रोस होतो. वधूवरांना आपापल्या घरी नारळाचा रस लावून न्हाऊ घातले जाते आणि बायका गाणी म्हणतात. हळदीचा आणि रोसाचा सोहळा शेजारशेजारच्या घरांत पाहणाऱ्यास त्यांतील नाते सहज उमगते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये धर्मगुरूंसमक्ष वधूवर संमती देतात, अंगठ्यांची देवाणघेवाण होते आणि नोंदवहीत सह्या होतात. संमतीचे शब्द हलक्या आवाजात उच्चारले जातात आणि वेदीपासून दूर ठेवलेल्या कॅमेऱ्याला ते ऐकू येत नाहीत.

भिन्नधर्मीय वधूवर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह करू शकतात. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या उपस्थितीत उभयतांनी आपल्याला समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार केल्याचे उच्चारावे लागते. कचेरीतील हा विधी काही मिनिटांतच आटोपतो. म्हणूनच तो काळजीपूर्वक टिपणे अगत्याचे असते.

या सर्व परंपरांत एक समान सूत्र आढळते. विवाह सिद्ध होतो तो वधूवरांच्या वचनाने किंवा पावलाने, आणि कॅमेरा बहुधा त्या वेळी गर्दीकडे वळलेला असतो.

परवानगी आणि संकोच

चित्रीकरणापूर्वी संबंधित कुटुंबाशी आणि धर्मगुरूंशी बोलून घेणे ही पहिली पायरी होय. काही कुटुंबांना स्त्रियांच्या दालनात पुरुष चित्रीकरणकार नको असतो. काहींना चित्रीकरणच नको असते. या भावनेचा आदर राखणे आवश्यक आहे. अशा ठिकाणी प्रशिक्षित स्त्री चित्रीकरणकाराची मोठी गरज भासते आणि खेड्यातील सुशिक्षित तरुणींना हा एक सन्मानाचा व्यवसाय ठरू शकतो. हळदीच्या किंवा रोसाच्या वेळची घरगुती दृश्ये समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी वधूवरांची अनुमती घ्यावी, हेही ओघानेच आले.

चर्चमध्ये वेदीजवळ वावरणे आणि झगमगते दिवे लावणे टाळावे. उडत्या कॅमेऱ्यासाठी, म्हणजे ड्रोनसाठी, २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. ९ ऑक्टोबर २०२१ पासून जिल्ह्यात चिपी येथील विमानतळ सुरू झाला असल्याने त्याच्या परिसरात याबाबत विशेष दक्षता घ्यावी लागते. सिंधुदुर्ग किल्ला हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारक असल्याने तेथेही पूर्वपरवानगीविना व्यावसायिक चित्रीकरण करू नये.

उजेड, रंग आणि आवाज

किनारपट्टीच्या हवेत चित्रीकरणाच्या काही खास अडचणी आहेत. रंगीत कापडाच्या मांडवात सारा उजेड त्या कापडाचा रंग घेऊन उतरतो आणि हळदीचा पिवळा रंग ओळखू येईनासा होतो. कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरून रंगाचे संतुलन साधणे हा यावरील साधा उपाय होय. शुभ्र वस्त्रांवर मे महिन्याचे ऊन पडले की कॅमेरा वस्त्रांना प्रमाण मानतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी प्रकाशाचे माप चेहऱ्यावरून घ्यावे. वातानुकूलित मोटारीतून कॅमेरा दमट हवेत आणला की भिंगावर बाष्प धरते, म्हणून तो काही वेळ पिशवीतच राहू द्यावा.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो आवाज. शुभकार्यापूर्वी ग्रामदेवतेला घातले जाणारे गाऱ्हाणे, त्याला जमलेल्या मंडळींनी दिलेली ‘होय महाराजा’ अशी साद, घाण्याच्या वेळी वृद्ध स्त्रियांनी म्हटलेली गाणी, रोसाची गाणी हे सारे मौखिक धन आहे. त्यातील बरेचसे कोणत्याही पुस्तकात आलेले नाही. ध्वनिवर्धकाच्या गोंगाटात ते बुडून जाऊ नये म्हणून विधीच्या वेळी एक छोटा मायक्रोफोन पुरोहिताजवळ किंवा गाणाऱ्या बायकांजवळ ठेवल्यास पुरेसे होते.

चित्रफीत आणि कायदा

चित्रफीत म्हणजे विवाहनोंदणी नव्हे, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा असून ग्रामीण भागात हे काम ग्रामपंचायत पातळीवर होते. दुसरीकडे, एप्रिल २०२४ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, आवश्यक विधी झालेले नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. विधी झाले होते की नाही असा वाद उद्भवल्यास सप्तपदीची चित्रफीत उपयुक्त पुरावा ठरू शकते. वारसाहक्क, पोटगी किंवा दुसऱ्या विवाहाचे प्रश्न न्यायालयात जातात, तेव्हा याचे महत्त्व विशेषतः स्त्रियांना जाणवते.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून संपादित, संगीत चढविलेल्या चित्रफितीबरोबरच मूळ, काटछाट न केलेले चित्रीकरणही चित्रीकरणकाराकडून मागून घ्यावे. वधूवरांना मिळालेल्या भेटवस्तूंची यादी ठेवण्याचे नियम १९८५ पासून अस्तित्वात आहेत. अशी यादी केली असल्यास आहेराच्या चित्रणाने तिला पुष्टी मिळते.

दमट हवेतील ठेवा

कोकणातील अनेक घरांच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, १९८० व १९९० च्या दशकांतील लग्नाच्या फिती पडून आहेत. पावसाळ्यातील दमट हवेत फितींवर पांढरी बुरशी धरते आणि चुंबकीय लेप सुटू लागतो. फीत शाबूत राहिली तरी ती दाखविणारे यंत्र आता मिळत नाही. व्हीसीआर बनविणाऱ्या अखेरच्या कंपन्यांपैकी जपानमधील फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. जगभरच्या चुंबकीय फिती वेळेत उतरवून घेतल्या नाहीत तर त्या कायमच्या गमावल्या जातील, असा इशारा युनेस्कोने २०१९ मध्ये दिला होता. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटाचाही आज काही भागच उपलब्ध आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे घरगुती फितींचे भवितव्य सांगावयास नको.

जतनाचे उपाय अवघड नाहीत. बुरशी धरलेली फीत यंत्रात घालून पाहू नये. तसे केल्यास यंत्र खराब होते आणि त्यानंतर लावलेल्या चांगल्या फितीही दूषित होतात. ती जाणकाराकडून स्वच्छ करवून घ्यावी. फिती उभ्या, कोरड्या जागी आणि ध्वनिवर्धकासारख्या चुंबक असलेल्या वस्तूंपासून दूर ठेवाव्यात. त्यांतील चित्रण संगणकावर उतरवून त्याच्या तीन प्रती कराव्यात. त्या निदान दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी, उदाहरणार्थ मुंबईच्या नातलगांकडे, ठेवावी. भ्रमणध्वनीवरून संदेशाद्वारे पाठविलेल्या चित्रफितीचा दर्जा घटतो, म्हणून तिला मूळ प्रत समजू नये.

प्रत्येक प्रतीसोबत एक कागद असावा. त्यावर वधूवरांची नावे, गाव, तारीख, विधींचा क्रम आणि दिसणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तींची नावे लिहून ठेवावीत. आज घरातील आजी प्रत्येक चेहरा ओळखते, परंतु वीस वर्षांनंतर तो ओळखणारे कोणी उरलेले नसते.

शाळा आणि ग्रामपंचायत

या कामी ग्रामपंचायती व शाळा यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. २७ ऑक्टोबर हा दिवस जागतिक दृक्‌श्राव्य वारसा दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरातील जुनी लग्नाची फीत किंवा छायाचित्र वडीलधाऱ्यांसमवेत पाहून त्यातील माणसे, गाणी आणि विधी वहीत उतरवून घेण्यास सांगावे. एकाच वर्गातील चार मुलांनी चार परंपरांची टिपणे आणली, तर शेजारच्या वाडीतील लग्न आपल्या लग्नाहून कोठे वेगळे आणि कोठे सारखे, हे मुलांना आपोआप कळेल. पंचायत सदस्यांनी विवाहनोंदणीसाठी येणाऱ्या कुटुंबांना मूळ चित्रीकरण जपण्याविषयी दोन शब्द सांगावेत. गावातील तरुण चित्रीकरणकारांना एकत्र बोलावून भटजी, काझी, धर्मगुरू आणि बौद्धाचार्य यांच्याकडून प्रत्येक विधीचा क्रम समजावून देण्याचा एक दिवसाचा वर्गही फारशा खर्चावाचून भरविता येईल.

येत्या लगीनसराईत अक्षता पडल्यानंतरही चित्रीकरणकार होमाजवळ थांबला, वधूचा होकार आणि वराचे वचन स्पष्ट ऐकू येईल इतका जवळ राहिला आणि पंगतीला मागाहून बसला, तरी या कामाची चांगली सुरुवात झाली असे म्हणता येईल.