रंगाखालचा पत्रा

भोसरी, सातपूर, शिरोली, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पत्र्यांचे तीन ढीग हमखास दिसतात. एक निळसर काळा, एक फिकट करडा आणि हात लावला की तेलकट, तर एक पांढुरका, चकाकणारा. तिन्हींची जाडी १.६ मिलिमीटर, म्हणजे कारागिरांच्या बोलीत १६ गेज. तिन्हींचं वजनही जवळपास सारखंच, चौरस मीटरला साडेबारा किलोच्या आसपास. आतलं पोलाद तपासलं तर तिन्हींत ९८ टक्क्यांहून जास्त लोहच सापडेल. तरीही या तिन्हींतून एकाच मापाचे पॅनेल बॉक्स वाकवले आणि एकाच दिवशी एकाच रंगाने रंगवले, तर एकावरचा रंग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरू शकतो आणि दुसऱ्यावरचा वर्षानुवर्षं हलत नाही. रंगाचा डबा तोच, रंगारी तोच. फरक पडतो तो पत्र्याच्या वरच्या काही मायक्रॉनमध्ये, आणि तो पत्रा गिरणीत कशाकशातून गेला यामुळे.

काळा पत्रा म्हणजे एचआर, गरम लाटलेला. वीतभर जाडीची पोलादी लादी साधारण १२०० अंश सेल्सिअसला तापवतात आणि रुळांमधून दाबत दाबत काही मिलिमीटरवर आणतात. त्या उष्णतेत लोखंड हवेतला प्राणवायू अधाशासारखा ओढून घेतं आणि त्याच्या अंगावर ऑक्साइडचं कवच चढतं. हेच मिल स्केल. साधारण दहा मायक्रॉनच्या या कवचातही थर असतात: पोलादालगत ऑक्सिजन सर्वांत कमी असलेलं वुस्टाइट, त्यावर मॅग्नेटाइट आणि अगदी वर हेमॅटाइट. ज्या खनिजांपासून आपण लोखंड काढलं, त्यांतली दोन पत्र्यावर पुन्हा उगवलेली असतात! पत्रा थंड झाला की वुस्टाइटही टिकत नाही, ५७० अंशांखाली ते हळूहळू मॅग्नेटाइट आणि लोखंडात फुटतं.

हे कवच दिसतं देखणं आणि घट्ट, म्हणून त्यावरच ब्रश फिरवायचा मोह होतो. पण ते ठिसूळ असतं. प्रेस ब्रेकवर पत्रा वाकला की बेंडवर त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि भेगेत ओल शिरली की तिथे चक्क एक विद्युतघट तयार होतो. कवच कॅथोड, भेगेतलं उघडं पोलाद ॲनोड. कवचाचं क्षेत्रफळ प्रचंड आणि भेग इवलीशी, त्यामुळे सगळी झीज त्या रेषेवर एकवटते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो कवच खालून उचलतो. मग रंगाचा पोपडा निघतो. तो उलटा करून पाहिला तर पाठीला काळं कवच चिकटलेलं सापडतं. रंगाने आपली पकड सोडलेलीच नसते, सोडली ती कवचाने. यावर उपाय दोनच: शॉट ब्लास्टिंग करा, नाहीतर आम्लात धुऊन तेल लावलेला ‘पिकल्ड अँड ऑइल्ड’ एचआर घ्या. मात्र हा धुतलेला पत्रा लेझरवर ऑक्सिजनने कापला, की कापलेल्या कडेवर नवं ऑक्साइड तयार होतं आणि रंग नेमका कडेवरून सुटतो. नायट्रोजनने कापलं तर कड स्वच्छ राहते. गॅसचा खर्च वाढतो, पण रंगवायच्या कामात तो करावाच असं माझं ठाम मत आहे.

आता करडा पत्रा, सीआरसीए. मला सर्वांत जास्त थक्क करतो तो हाच. धुतलेला एचआर घेऊन तो न तापवता लाटतात, ३ मिलिमीटरचा सव्वा मिलिमीटर होईपर्यंत. पोलादाच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा असतात आणि त्या रांगांत कुठेकुठे अर्धवट तुटलेल्या ओळी असतात. त्यांना डिसलोकेशन म्हणतात. पत्रा वाकतो, ताणला जातो, तो या ओळी सरकल्यामुळेच. थंड लाटताना त्यांची संख्या अफाट वाढते. इतकी, की एका घन सेंटिमीटर पोलादातल्या सगळ्या ओळी टोकाला टोक जोडल्या तर दहा लाख किलोमीटर भरतील. चंद्रावर जाऊन परत येऊनही दोरा उरेल! ओळी एकमेकींत अडकून पडतात, पत्रा कडक होतो आणि वाकवला तर तडकतो. म्हणून त्याला हायड्रोजन-नायट्रोजनच्या बंदिस्त भट्टीत साधारण ७०० अंशांवर भाजतात. जुने चेंगरलेले स्फटिक जाऊन नवे उगवतात आणि दहा लाखांचे काहीशे किलोमीटर उरतात.

पण मऊ झालेल्या पत्र्यात एक खोड राहते. पोलादात उरलेले कार्बन आणि नायट्रोजनचे मोजके अणू उरलेल्या ओळींभोवती गोळा होतात आणि त्यांना जखडून ठेवतात. ॲलन कॉट्रेल आणि ब्रूस बिल्बी यांनी १९४९ मध्ये याचं गणित मांडलं. असा पत्रा ताणला की आधी हलतच नाही, मग एकेका पट्ट्यात अचानक सुटतो आणि पृष्ठभागावर ज्वाळांसारखे वळ उमटतात. हे वळ ल्यूडर्सने १८६० मध्येच नोंदवले होते. गंमत म्हणजे कोऱ्या पत्र्यावर ते चटकन दिसत नाहीत, चकचकीत रंग चढल्यावर मात्र दाराच्या मधोमध उठून दिसतात. म्हणून गिरणीत भाजल्यानंतर पत्रा पुन्हा एकदा अगदी हलका, एखादा टक्का लाटतात. हा स्किन पास. जखडलेल्यांच्या जोडीला नव्या, मोकळ्या ओळी तयार होतात आणि वळ टळतात. त्याच वेळी खरबरीत रुळ पत्र्यावर मायक्रॉनभर खोलीचा पोत उमटवतात. प्रेसमध्ये तेल धरून ठेवायला आणि नंतर रंगाला पकड द्यायला तोच पोत उपयोगी पडतो.

साध्या पोलादात मात्र ते कार्बन-नायट्रोजनचे अणू गोदामातल्या उन्हाळ्यात हळूहळू सरकत पुन्हा ओळींपाशी येतात. पत्रा पडून पडूनही म्हातारा होतो! नायट्रोजनला ॲल्युमिनियमने बांधून ठेवलेल्या पोलादात हे फार कमी घडतं, आणि टायटॅनियम घातलेल्या आयएफ पोलादात मोकळे अणूच उरत नाहीत. आयएस ५१३ या भारतीय मानकात पूर्वी डी, डीडी, ईडीडी म्हटल्या जाणाऱ्या प्रती खोल ओढाईच्या कामासाठी आहेत. नुसते काटकोनी बेंड असलेल्या पॅनेल बॉक्ससाठी ईडीडी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ते पैसे रंगाआधीच्या टाक्यांवर खर्चावेत.

कारण पावडर कोटिंगवाल्यांच्या सेव्हन टँकमध्ये सुंदर रसायन चालतं. झिंक फॉस्फेटच्या आम्लधर्मी द्रावणात पत्रा बुडवला की आम्ल आधी लोखंड कुरतडतं. त्यात आम्ल खर्ची पडतं, पत्र्यालगतच्या पाण्याच्या अगदी पातळ थराची आम्लता घटते आणि तिथेच फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक उगवून पोलादाला बिलगतात. फॉस्फेटिंगचं एक पेटंट थॉमस कॉस्लेट यांनी ब्रिटनमध्ये १९०६ मध्ये घेतलं होतं. लोखंड उघडं असेल तरच हे घडतं. स्केलवर, तेलावर, बोटाच्या ठशावरही स्फटिक नीट धरत नाहीत.

पांढुरका पत्रा जीपी, साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तातून काढलेला. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त म्हणजे एकेका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. ओरखडा गेला तरी जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. पण त्यावर थेट साधा ऑइल पेंट लावला की जस्त आणि रंगातलं तेल मिळून चक्क साबण तयार होतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. वेल्डिंगचंही तेच दुखणं: जस्त ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायला १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे सांधा होण्याआधीच जस्ताची वाफ होते. ती वेल्डरच्या छातीत गेली तर थंडी वाजून ताप येतो, म्हणून धूर ओढून नेणारी सोय हवीच.

यातून मार्ग काढणारा पत्रा म्हणजे गॅल्व्हनील. जस्ताच्या बाहेर काढताच तो पुन्हा तापवतात, लोखंड जस्तात शिरतं आणि साधारण दहा टक्के लोह असलेला मंद करडा थर तयार होतो. चकाकी जाते आणि रंगाला हवी तशी पकड मिळते. उघड्यावर बसणाऱ्या बॉक्ससाठी मी हाच निवडेन. घरातल्या पॅनेलला सीआरसीए पुरे, जाड बेस फ्रेमला धुतलेला एचआर.

पत्रा कोणताही असो, फॉस्फेटच्या आधी एक परीक्षा फुकटात करता येते. धुतलेला पत्रा उभा धरून पाणी ओतायचं. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर तेल गेलं. कुठे तुटून थेंब गोळा झाले, तर पत्रा परत तेल काढणाऱ्या पहिल्या टाकीत.