आधी वारा ओळखा, मग लेन्स काढा

लेन्स जितकी लांब तितका उडत्या पक्ष्याचा फोटो चांगला, या समजुतीपायी नवखे लोक सर्वांत जास्त पैसा घालवतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० एमएमची लेन्स लावली की तिला आकाशाचा जेमतेम ४ अंशांचा तुकडा दिसतो. हात समोर ताणून दोन बोटं धरा, साधारण तेवढाच. त्या तुकड्यात भरधाव पाकोळी सापडायच्या आत निघून जाते. ३०० एमएमला याच्या दुप्पट कोन मिळतो आणि पक्षी हाती लागतो. झूम लेन्स असेल तर आधी कमी एमएमवर पक्षी पकडावा, तो चौकटीत स्थिरावला की मग झूम वाढवावं. दुपारच्या उन्हात तर लांब लेन्सचा आणखी एक तोटा होतो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरच्या पक्ष्याची पिसं पुसट येतात. हा दोष लेन्सचा नसतो, आणि महागडी लेन्स घेऊन तो जातही नाही.

यापेक्षा मोठा गैरसमज म्हणजे पक्षी कुठे उडेल याचा नेम नसतो, सगळं नशिबावर असतं. खरं तर उडण्याआधी पक्षी बरंच काही सांगून जातो. मोठे पक्षी शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच उडतात आणि उतरतानाही वाऱ्याकडेच तोंड करतात, कारण समोरून वारा आला की पंखांना कमी वेगातही आधार मिळतो. अग्निपंख तर पाण्यावर धावत धावत वर उठतात. ते कोणत्या दिशेने धावतील, हे वाऱ्यावरून आधीच कळतं. झाडावर बसलेली घार उडायच्या बेतात आली की पुढे झुकते, पाय किंचित दुमडते, बऱ्याचदा शिटते. हे दिसलं की बोट बटणावर हवं. वेडा राघू तारेवरून किडा पकडायला झेपावतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर परत येतो. त्याचा पाठलाग करण्यापेक्षा तारेवर फोकस धरून तो परतायची वाट पाहिलेली बरी. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारा कवड्या खंड्या घ्या. त्याचं अंग हलतं, पण डोकं जागचं हलत नाही. पुढच्या क्षणी तो सूर मारणार असतो.

म्हणूनच कुठे उभं राहायचं, हा प्रश्न मला लेन्सपेक्षा महत्त्वाचा वाटतो. वारा आणि ऊन दोन्ही पाठीवर घ्यावं. मग येणारा पक्षी तुमच्याकडे तोंड करून येतो, आणि ऊन खाली उतरलेलं असेल तर त्याच्या पंखांखालचा भागही उजळतो. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात हा योग दिवसातून दोनदा जुळून येतो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो आणि सूर्यही पूर्वेलाच असतो, तेव्हा पाण्याकडे तोंड करून उभं राहावं. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि सूर्यही पश्चिमेला कलतो, तेव्हा समुद्राकडे पाठ करावी. कुरव आणि सुरय या दोन्ही वेळी समोरून येतात. भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात मात्र पक्ष्याचं पोट काळं पडतं. त्या वेळी कॅमेरा बाजूला ठेवून दुर्बीण लावावी.

शटर स्पीडबद्दल बरेच जण १/५०० सेकंदावर समाधान मानतात. साधा हिशोब करून पाहा. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारा पक्षी १/५०० सेकंदात २ सेंटिमीटर पुढे सरकतो, तर १/२००० सेकंदात अर्धा सेंटिमीटर. कॅमेरा पक्ष्यासोबत सारखा फिरवत नेला तर अंगाची ही हालचाल बरीचशी भरून निघते, पण पंखाचं टोक स्वतंत्रपणे हलत असतं. बगळे, चित्रबलाक यांच्या संथ पंखांना १/१००० बऱ्याचदा पुरतं. खंड्या, पाकोळी यांच्यासाठी १/२५०० किंवा १/३२०० लागतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे मदतीला येत नाही. ते तुमच्या हाताचा कंप थोपवतं, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. शटर वाढवल्यावर आयएसओ १६०० किंवा ३२०० वर गेला तरी घाबरू नका. दाणेदारपणा सॉफ्टवेअरमध्ये बराच कमी करता येतो, हललेलं पीस मात्र कधीच सरळ होत नाही.

सेकंदाला वीस-तीस फ्रेम घेणारा कॅमेरा असला की काम झालं, असंही मानलं जातं. फ्रान्सचे शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून सेकंदाला १२ चित्रं घेतली, तीही पक्ष्यांच्या पंखांची हालचाल समजून घेण्यासाठी. वेगाने चित्रं घेण्याचा खटाटोप इतका जुना आहे. पण फोकस चुकलेला असेल तर तीसही फ्रेम चुकलेल्याच येतात. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचाही एक धोका आहे. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे तो वाचायला संथ असेल तर फडफडणारा पंख वाकडा उमटतो. अशा कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटरच वापरावं.

पक्ष्याचा डोळा ओळखणारं ऑटोफोकस २०२० नंतरच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आलं, आणि ते खरोखर उपयोगी आहे. तरी पक्षी चौकटीत आणण्याचं काम तुमचंच राहतं. पक्षी झाडीसमोरून जाताना फोकस फांद्यांवर जाऊन बसतो, म्हणून मागे मोकळं पाणी किंवा आकाश असेल अशी जागा निवडावी. सराव घराच्या गच्चीवरून घारी आणि कबुतरांवर होतो, त्यासाठी अभयारण्य लागत नाही. एक्स्पोजर कॅमेऱ्यावर सोडू नका. पांढुरक्या आकाशातली घार तो काळीठिक्कर करतो, आणि गडद झाडीसमोरच्या बगळ्याची पिसं धुऊन टाकतो. उजेड एकदा मोजून मॅन्युअल मोडवर पक्का करावा.

आता ज्याचा मला मनापासून राग येतो, त्याबद्दल. "जवळ गेल्याशिवाय आणि उडवल्याशिवाय फोटो मिळत नाही," असं म्हणत भिगवणला अग्निपंखांच्या थव्यात बोट घालायला लावणारे लोक आहेत. हुसकावलेला पक्षी तुमच्यापासून दूर पळतो, म्हणजे फोटोत त्याची पाठ येते. फोटोग्राफर म्हणूनही हा तोट्याचाच व्यवहार. पक्ष्याचा तोटा त्याहून मोठा, कारण दूरवरून आलेला तो जीव चरायचं सोडून पुन्हा पुन्हा ताकद खर्च करतो. गेटवेहून मांडव्याला जाताना कुरवांना वेफर्स फेकून जवळ आणणं त्यातलंच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. प्राण्यांना हाकणं, आमिष दाखवणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं यांचाही तिच्यात समावेश आहे. म्हणून बोटीत बसताच नावाड्याला स्पष्ट सांगा, "दादा, थव्याच्या जवळ नेऊ नका. वाऱ्याच्या बाजूला लांब थांबवा आणि इंजिन बंद करा." बोटीतल्या बाकीच्यांनी घाई केली तरी या सांगण्यावर ठाम राहा.