नळीला फाटा फुटतो का?

वारंगा फाट्यावर नांदेडहून आलेला रस्ता फुटतो. एक हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाव-उमरखेडवरून नागपूरकडे. एसटीची वाट बघणाऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर हायपरलूपचा, म्हणजे हवा उपसलेल्या नळीतून धावणाऱ्या डब्याचा, व्हिडिओ निघतो आणि गप्पा रंगतात: नळीत बसायचं, की तासाभरात मुंबई!

पहिला समज असा, की नळी डब्याला स्ट्रॉमधल्या उसाच्या रसासारखी ओढून घेते. हवेच्या दाबावर डबा पळवण्याचा प्रयोग आल्फ्रेड बीच यांनी १८७० साली न्यूयॉर्कमध्ये जमिनीखाली केला होता खरा, पण हायपरलूपची जात वेगळी. इथे हवा उपसतात ती डब्याला अडवू नये म्हणून. पळवण्याचं काम विजेची मोटर करते. पंख्याची मोटर उलगडून वाटेवर लांब अंथरली, तर जशी दिसेल तशी. आज बहुतेक प्रयोगांत डबा अधांतरी धरतात ते चुंबक.

नळीत पूर्ण पोकळी असते, हेही खरं नाही. इलॉन मस्क यांच्या २०१३च्या आराखड्यात १०० पास्कल दाब धरला होता, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण हजारावा भाग. शेकडो किलोमीटरची नळी त्याहून रिकामी ठेवायची, तर पंप आणि सांधे दोन्ही हात टेकतील. मूळ कल्पनाही मस्क यांची नव्हे; अमेरिकेतल्या रॉबर्ट साल्टर यांनी १९७२मध्येच अशा नळीतल्या गाडीचा प्रस्ताव मांडला होता.

‘यात अजून माणूस बसलेलाच नाही,’ असं ठासून सांगणारेही भेटतात. नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात माणसं बसली, आणि त्यांत पुण्याचे तनय मांजरेकर होते. मात्र ती नळी ५०० मीटरची, आणि पहिल्या फेरीचा वेग ताशी १७२ किलोमीटर. आपल्या वंदे भारतने २०१८च्या चाचणीत १८०चा आकडा गाठला होता. मस्क यांच्या आराखड्यातले ताशी १,२२० किलोमीटर अजून कागदावरच आहेत.

पुणे-मुंबईचं काम सुरू झालं, हा समज तर हट्टी. फेब्रुवारी २०१८मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ या गुंतवणूक परिषदेच्या मांडवात व्हर्जिन हायपरलूप वन कंपनीशी करार झाला. जुलै २०१९मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे ७०,००० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. जानेवारी २०२०मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, आधी दुसरीकडे चालू दे, अशी भूमिका घेतली. डिसेंबर २०२३अखेर कंपनीच गुंडाळली गेली. पुण्यातलं वाकड ते मुंबईतलं बीकेसी या मार्गावर एक मीटरही नळी बसली नाही. भारतात आज दाखवता येते ती आयआयटी मद्रासची चाचणी नळी, ४२२ मीटरची.

पण वारंग्याच्या माणसाचा खरा प्रश्न वेगळा आहे: आपल्या गावावरून नळी गेली, तर आपल्याला बसता येईल का? इथे हिशोबच करावा. अंगाला झटका न बसता, दर सेकंदाला वेग सेकंदी दोन मीटरने वाढवत नेला, तर ताशी १,००० किलोमीटर गाठायला सव्वादोन मिनिटं आणि साधारण १९ किलोमीटर लागतात. थांबायलाही तेवढंच अंतर. वारंगा ते नांदेड आहे चाळीसेक किलोमीटर. म्हणजे पूर्ण वेग गाठला रे गाठला, की ब्रेक. तरीही पाच मिनिटांच्या आत नांदेड येईल, हे कबूल. मात्र वाटेत अर्धापूरकरांनी थांबा मागितला, तर त्याच बेताने वेग ७२०च्या आसपासच राहील. शिवाय प्रत्येक थांब्यावर हवा अडवणारे दरवाजे हवेत. वळणाचं दुखणं आणखी मोठं. बाजूचा धक्काही तेवढाच ठेवायचा, तर १,०००च्या वेगाला सुमारे ३८ किलोमीटर त्रिज्येचं वळण लागेल. फाट्यावर एसटी जशी वळते, तसं इथे वळता येणार नाही.

नळीला फाटाच फुटत नाही, असं मात्र नाही. नेदरलँड्समध्ये व्हेंडाम इथल्या ४२० मीटरच्या चाचणी नळीला तो दिलेला आहे. तिथे रेल्वेसारखे सांधे हलवत नाहीत. डब्याने कुठल्या बाजूला जायचं, ते चुंबक ठरवतात.