तीन मुलांमागे दोघांच्या अंगात रक्त कमी

मूल खेळतं, दंगा करतं, म्हणजे त्याच्या अंगात रक्त पुरेसं आहे, असं समजू नका. रक्तक्षय म्हणजे ॲनिमिया हळूहळू येतो आणि घरच्यांच्या नजरेतून सुटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५८.६ टक्के होतं. आपल्या महाराष्ट्रात ते ५३.८ वरून ६८.९ वर गेलं.

या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ७ च्या खाली गेलं तर लगेच दवाखाना गाठायला हवा. लोह नुसतं रक्तासाठी नाही, वाढत्या मेंदूसाठीही लागतं. पहिल्या दोन वर्षांत ते कमी पडलं तर मुलाचं लक्ष लागत नाही, शिकणं मागे पडतं. पुढे शाळेत आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

हे होतं कसं?

आईच्याच अंगात रक्त कमी असेल तर बाळाला लोहाचा साठा कमी मिळतो. देशातल्या ५७ टक्के बायकांची हीच गत आहे. तो साठा साधारण सहा महिने पुरतो. पुढे वरचं अन्न हवं. आम्ही वस्तीत विचारतो तेव्हा आया सांगतात, "ताई, डाळीचं पाणी देतो ना!" पण पाण्यात लोह कुठलं? घट्ट डाळ द्या. चहा-बिस्किटानं पोट भरतं, आणि चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

काय करावं?

सहा महिने पूर्ण झाले की मऊ शिजवलेली घट्ट डाळ, मोडाची मटकी कुस्करून, पालेभाजी, अंडं सुरू करा. कलेजी, मासे खात असाल तर तेही मऊ करून द्या. वर लिंबू पिळा, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं.

आशाताईंकडे लोहाचं औषध मोफत मिळतं. आठवड्यातून दोनदा, १ मिली, जेवणानंतर. शी काळी झाली तर घाबरू नका. मूल आजारी किंवा फार अशक्त असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. एक वर्षानंतर वर्षातून दोनदा अंगणवाडीत जंताची गोळी द्या.

विदर्भातल्या घरांनी एक गोष्ट विसरू नये. तिथे आपल्या समाजात सिकलसेल आढळतो. मुलाचे हातपाय सुजत, दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील तर आधी सिकलसेलची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती होते. तो आजार निघाला तर लोहाचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्यायचं.

औषधाची बाटली घरी आली नसेल तर चार बायकांनी मिळून आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा. ती मिळणं हा आपल्या मुलांचा हक्क आहे.